कॉम्प्युटरचा पंखा का ओरडतो? सीपीयू १०० टक्के झाला की आधी काय बघायचं

(हे आपल्या भागाचं लेखी रूप आहे. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे. ज्यांना थेट उपाय हवेत त्यांनी शेवटचा 'थोडक्यात' वाचला तरी चालेल, पण मधली गोष्ट चुकवू नका.)

००:०० सुरुवात

इयरफोन लावलेत? बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज मी जरा हळू आवाजात एक कबुली देणार आहे.

विषय ऐकून तुमच्यातले अर्धे म्हणतील, "अरे, आम्ही सगळं मोबाइलवर करतो, कॉम्प्युटर कोण वापरतं?" मान्य. पण घरी, गावाकडे एक कॉम्प्युटर असतोच. बाबांचा हिशेबाचा, आईचा क्लासच्या नोट्सचा, नाहीतर दादाने इंजिनिअरिंगला घेतलेला आणि आता टेबलावर रुमाल पांघरून बसलेला. तो बिघडला की फोन कुणाला येतो? तुम्हाला! कारण घरातला कॉम्प्युटरवाला माणूस म्हणजे तुम्ही. तुम्हाला येतं की नाही, हे कुणी विचारत नाही.

मलाही असाच फोन आला.

०१:२० बाबांचा फोन

बाबा रिटायर झाल्यापासून सांगलीत घरूनच सात-आठ छोट्या दुकानांचे हिशेब बघतात. जीएसटीचे रिटर्न भरून देतात. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी ३बी नावाच्या फॉर्मची शेवटची तारीख २० असते. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय कर बाकी असेल तर व्याज. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दुकानदाराचा फोन. "काका, झालं का आपलं?"

जानेवारीतली १८ तारीख. संध्याकाळी बाबांचा फोन.

"अरे, कॉम्प्युटर चालतच नाही. माउस हलवला की पाच सेकंदांनी हलतो. पंखा तर असा ओरडतोय की आई विचारते, मिक्सर लावलाय का."

मी म्हटलं, "बाबा, दुकानात दाखवलंत का?"

"दाखवला. तो मुलगा म्हणाला, काका, सीपीयू शंभर टक्के आहे. फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवीन घ्या. उद्या सकाळी आणून टाका म्हणाला."

आता त्या कॉम्प्युटरवर आठ दुकानांचा तीन वर्षांचा हिशेब होता आणि आजीचे फोटो होते. बॅकअप? विचारू नका. बाबांचा बॅकअप म्हणजे डेस्कटॉपवर 'नवीन', 'नवीन २' आणि 'फायनल' असे तीन फोल्डर.

मी म्हटलं, "बाबा, थांबा. आधी काय झालंय ते बघू. फॉरमॅट कुठे पळून जात नाही."

तर आज हेच बघायचंय. सीपीयू १०० टक्के दिसला की घाबरून फॉरमॅट मारायच्या आधी काय विचारायचं. मी तीन प्रश्न ठरवलेत. कोण करतंय? कधीपासून करतंय? आणि त्या कामाचा आपल्याला उपयोग आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली की पुढचा रस्ता आपोआप दिसतो.

०३:४० १०० टक्के म्हणजे नेमकं काय?

आधी एक गैरसमज काढून टाकू. सीपीयू १०० टक्के होणं हा बिघाड नाही. तुम्ही व्हिडिओ एक्सपोर्ट करताय, मोठा गेम खेळताय, तीन जीबीची फाइल झिप करताय, तेव्हा सीपीयू १०० टक्के व्हायलाच हवा. आपण पूर्ण प्रोसेसरचे पैसे दिलेत, त्याने पूर्ण काम करावं.

अंगात ताप असतो तसं हे आहे. थर्मामीटरने आकडा कळतो, आजार कळत नाही. दुकानातल्या मुलाने आकडा वाचला आणि थेट ऑपरेशन सांगितलं. मधली तपासणी राहिली.

काळजी कधी करायची? कॉम्प्युटर नुसता चालू आहे, तुम्ही काही उघडलेलं नाही, सुरू करून पंधरा-वीस मिनिटं झालीत, तरी आकडा ७०, ८०, १०० वर चिकटून बसलाय, तेव्हा. पंधरा-वीस मिनिटं का? कारण कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर विंडोज अपडेट शोधतो, अँटीव्हायरस जागा होतो, क्लाउडचं ॲप फाइली जुळवतं. सकाळी दुकान उघडल्यावर शटर, झाडू, उदबत्ती होईपर्यंत गिऱ्हाईक बघत नाहीत, तसंच. त्याला थोडा वेळ द्या.

०५:३० टास्क मॅनेजर

पहिला प्रश्न, कोण करतंय? याचं उत्तर देणारं खिडकीतलं दुकान म्हणजे टास्क मॅनेजर. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. १९९६ मध्ये विंडोज एनटी ४.० बरोबर हा आला आणि आजही पहिलं हत्यार तोच आहे.

उघडल्यावर छोटी खिडकी दिसली तर 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. मग प्रोसेसेसच्या यादीत 'सीपीयू' लिहिलंय त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा. जो सगळ्यात जास्त खातोय तो वर येतो.

लगेच निष्कर्ष काढू नका. टास्क मॅनेजर उघडताना स्वतःही थोडा सीपीयू खातो, म्हणून पहिले काही सेकंद आकडा उडतो. एक-दोन मिनिटं नुसतं बघत बसा. कोण क्षणभर वर येऊन गेलं आणि कोण ठाण मांडून बसलंय, हा फरक महत्त्वाचा.

०६:५० नेहमीचे पाहुणे

यादीत काही नावं बघून लोक घाबरतात. त्यांची ओळख करून देतो.

सिस्टिम आयडल प्रोसेस. डिटेल्सच्या टॅबमध्ये हा ९५ टक्के वगैरे दिसतो आणि लोकांना वाटतं चोर सापडला. उलट आहे. हा म्हणजे रिकामा वेळ. ९५ दिसतंय म्हणजे प्रोसेसर ९५ टक्के मोकळा बसलाय.

अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर. स्कॅन चालू असताना हा वर येतो आणि स्कॅन संपला की खाली बसतो. बंद करायच्या मागे लागू नका. पण तुम्ही दुसरा एखादा अँटीव्हायरसही टाकला असेल आणि दोघं एकाच फाइलवर झडप घालत असतील, तर एकच ठेवा.

विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर. अपडेट बसवणारा मिस्त्री. जुन्या मशीनवर तास-दीड तास घेऊ शकतो. रात्री कॉम्प्युटर चालू ठेवून त्याला काम संपवू द्या. आपण रोज मध्येच बटण दाबून बंद करतो, आणि तो रोज पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

सर्व्हिस होस्ट. याच्या दहा-वीस ओळी दिसतात. तेही ठीक आहे. विंडोजच्या वेगवेगळ्या सेवा याच नावाखाली चालतात. पूर्वी एका होस्टमध्ये अनेक सेवा कोंबलेल्या असायच्या, २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये पुरेशी मेमरी असेल तर त्या वेगळ्या केल्या. त्यामुळे ओळीपुढचा बाण उघडला की नेमकी कोणती सेवा दंगा करतेय ते कळतं.

सिस्टिम इंटरप्ट्स. हा नेहमी शून्याच्या आसपास असावा. सतत बराच वर दिसला तर भानगड हार्डवेअरची किंवा ड्रायव्हरची. यूएसबीला लावलेल्या वस्तू एकेक काढून बघा. कधी कधी एखादा मेलेला हब किंवा जुना वेबकॅम सगळ्या घराला जागं ठेवतो.

आणि ब्राउझर. क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो, म्हणून यादीत त्याची जत्रा दिसते. कोणता टॅब खातोय हे विंडोजच्या यादीत नीट कळत नाही. त्यासाठी क्रोममध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. तिथे टॅब आणि एक्स्टेन्शन नावानिशी दिसतात. "कूपन शोधून देतो", "व्हिडिओ डाउनलोड करतो" अशी कधीकाळी टाकलेली एक्स्टेन्शन इथे सापडतात. लागत नसतील तर काढून टाका.

०९:४० २५ टक्क्यांचं गणित

आता एक गंमत. बऱ्याचदा सीपीयू १०० दिसत नाही. एखादं ॲप अगदी बरोबर २५ टक्क्यांवर चिकटलेलं असतं, आणि तरी ते ॲप मेल्यासारखं असतं. असं का?

बाबांच्या मशीनमध्ये जुना आय-थ्री आहे. दोन कोअर, चार थ्रेड. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये 'लॉजिकल प्रोसेसर्स ४' असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे स्वयंपाकघरात चार शेगड्या आहेत असं समजा. एखादा प्रोग्राम एकाच शेगडीवर काम करणारा असेल आणि तो अडकला, तर त्याची एक शेगडी पूर्ण भरते. एकूण हिशेबात ती दिसते १०० भागिले ४, म्हणजे २५ टक्के. आठ थ्रेडच्या मशीनवर तोच अडकलेला प्रोग्राम साडेबारा टक्के दिसेल.

म्हणून "फक्त २५ टक्केच आहे, मग हँग का होतंय?" याचं उत्तर असं, की त्या प्रोग्रामसाठी तो १०० टक्केच आहे. अशा वेळी तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, अपडेट करा. पूर्ण कॉम्प्युटरला दोष देऊ नका.

हे गणित लक्षात ठेवा. पुढे चोर पकडताना हेच कामाला येणार आहे.

११:१० कधी कधी प्रोसेसर निर्दोष असतो

दुसरा प्रश्न, कधीपासून? इथे आठवायला लागतं. नवीन काय टाकलं? नवीन प्रिंटर? अपडेट? की उन्हाळा सुरू झाला?

उन्हाळा म्हटलं ते गमतीत नाही. प्रोसेसर फार तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मोबाइल उन्हात धरला की कॅमेरा अडखळतो, तसंच. परफॉर्मन्स टॅबमध्ये 'बेस स्पीड' आणि 'स्पीड' असे दोन आकडे असतात. सीपीयू १०० टक्के आहे आणि चालू स्पीड बेस स्पीडच्या खूप खाली आहे, असं दिसलं तर पहिला संशय गरमीचा. वेग कमी झाल्यावर तेच काम जास्त वेळ चालतं, म्हणून आकडा वर राहतो. लॅपटॉप असेल तर पॉवरचा मोड आणि चार्जरही तपासा, कमी ताकदीच्या चार्जरवरही काही लॅपटॉप वेग पाडतात.

उपाय? कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली, आणि मग पंख्याची धूळ ब्रशने काढा. सांगली काय, पुणे काय, धूळ सगळीकडे आहे. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका, खालची हवा बंद होते. वर्षानुवर्षं जुनं मशीन असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्यावी लागते, ती दुकानात थोडक्या खर्चाची गोष्ट आहे, नव्या मशीनची नाही.

मेमरीकडेही बघा. रॅम ९० टक्क्यांच्या वर गेली की विंडोज डिस्कवर ने-आण करत बसतो, आणि सगळंच रांगत चालतं. इथे प्रोसेसरच्या मागे लागून उपयोग नाही, टॅब कमी करा नाहीतर रॅम वाढवा.

आणि एक छोटी युक्ती, जी मलाही उशिरा कळली. 'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' सारखे नाहीत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर आतला गाभा खरा बंद होत नाही, झोपतो. बाबा रोज रात्री कॉम्प्युटर बंद करायचे, तरी परफॉर्मन्स टॅबमधला 'अप टाइम' नऊ दिवस दाखवत होता. रीस्टार्ट केलं की खरी नवी सुरुवात होते. त्यामुळे पहिला उपाय नेहमी रीस्टार्ट.

आम्ही केलं. दहा मिनिटांनी पंखा पुन्हा सुरू.

१३:३० पाहुणा गप्प बसतो

आता सांगलीत परत या. बाबा मोबाइल स्क्रीनसमोर धरून व्हिडिओ कॉलवर. मी पुण्यात.

"बाबा, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप."

टास्क मॅनेजर उघडला. क्षणभर ९० दिसलं, आणि बघता बघता ८ टक्के. पंखाही शांत झाला.

बाबा म्हणाले, "बघ, तू आलास की शहाणा होतो."

बंद केला. मिनिटभरात पंखा पुन्हा भर्रर्र. उघडला, गप्प. बंद केला, भर्रर्र. मास्तर वर्गात आले की गप्प बसणारी मुलं आठवली मला.

इथे घाईने निकाल देऊ नका. विंडोजची स्वतःची काही देखभालीची कामं तुम्ही माउस हलवला की थांबतात, कारण ती मुद्दाम रिकाम्या वेळेसाठी ठेवलेली असतात. म्हणजे प्रामाणिक माणूसही कधी कधी आपल्याला बघून उठून उभा राहतो. पण बाबा माउस हलवत असतानाही पंखा चालूच होता, फक्त टास्क मॅनेजर उघडल्यावर थांबत होता. हे वेगळं होतं. काही मालवेअर नेमकं हेच करतात, टास्क मॅनेजर उघडला की काम थांबवतात.

मग पकडायचं कसं? त्या क्षणाचा आकडा खोटा असेल, पण दिवसभराचा हिशेब लपवणं अवघड. टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा, वरच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स' निवडा आणि 'सीपीयू टाइम' वर खूण करा. आता प्रत्येक प्रोसेसने सुरू झाल्यापासून एकूण किती वेळ प्रोसेसर वापरला ते दिसतं. बँकेचं पासबुक म्हणा ना. आज खात्यात काय आहे ते सोडा, गेल्या महिन्यात कुठे गेले ते बघू.

बाबांना रीस्टार्ट करायला लावून मी आधीच एक चूक केली होती, तो हिशेब पुसला गेला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, बाबांनी सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू केला आणि बँक, जीएसटी काहीही न उघडता, नेटची वायर तशीच ठेवून नुसता चालू ठेवला. संध्याकाळी सातला आम्ही यादी बघितली. एका प्रोसेससमोर सीपीयू टाइम होता जवळपास २४ तास.

"अरे, नऊ तासांत चोवीस तास कसे?" बाबा म्हणाले. हिशेबनीस माणूस, आधी बेरीज तपासणार.

आठवा शेगड्यांचं गणित. तीन शेगड्या एकदम पेटवल्या तर नऊ तासांत सत्तावीस तासांपर्यंतचं काम होतं. कुणीतरी चारपैकी तीन थ्रेड दिवसभर वापरत होतं.

नाव विंडोजच्याच एका प्रोसेससारखं, फक्त एक अक्षर वेगळं. त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' केलं. विंडोजचे खरे प्रोसेस बहुतेक विंडोजच्या सिस्टिम-३२ या फोल्डरमधून चालतात. हा बसला होता बाबांच्या युजर फोल्डरमध्ये, ॲप डेटाच्या आत. आणि फोल्डर बनल्याची तारीख होती दिवाळीतली.

१६:४० कबुली

दिवाळीत त्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं? मी.

माझा लॅपटॉप पुण्यात राहिला होता. एका भागाचं एडिटिंग उरकायचं होतं. एक महागडं एडिटिंग सॉफ्टवेअर मी 'क्रॅक' करून टाकलं. त्याच्याबरोबर सूचना होत्या, "अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर चुकून व्हायरस दाखवेल. हा फोल्डर डिफेंडरच्या एक्सक्लूजनमध्ये टाका." मी टाकला. दोन क्लिक. काम झालं, भाग अपलोड झाला, मी पुण्याला परत आलो.

एक्सक्लूजनमध्ये टाकणं म्हणजे रखवालदाराला सांगणं, "या खोलीत बघू नकोस." म्हणून डिफेंडर रोज स्कॅन करत होता आणि रोज म्हणत होता, सगळं ठीक आहे.

तो होता मायनर. क्रिप्टोकरन्सी काढणारा प्रोग्राम. बिटकॉइन साध्या घरगुती प्रोसेसरवर काढणं परवडत नाही, त्याला खास मशीन लागतात. पण मोनेरो नावाचं चलन आहे, त्याची पद्धत २०१९ पासून मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची ठेवली आहे. म्हणून चोरांना तुमच्या-आमच्या घरातला आय-थ्रीही चालतो. वीज तुमची, मशीन तुमचं, कमाई त्यांची. २०१७ ते २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह नावाची सेवा होती, ती तर वेबसाइटच्या पानातूनच मायनिंग करायची, टॅब उघडा असेपर्यंत. ती मार्च २०१९ मध्ये बंद झाली, पण कल्पना मेली नाही.

इथे तिसरा प्रश्न येतो. या कामाचा आपल्याला उपयोग आहे का? अपडेटचा आहे. अँटीव्हायरसचा आहे. याचा नाही.

आणि खरं सांगू? पंख्याचा आवाज हा यातला सगळ्यात छोटा भाग होता. मायनर निदान आवाज करतो. ज्या दारातून तो आला, त्याच दारातून पासवर्ड चोरणारा एखादा गुपचूप आला असेल तर तो सीपीयूचा एक टक्काही खाणार नाही. त्या कॉम्प्युटरवर बाबांची बँक होती आणि आठ दुकानांचे जीएसटीचे लॉगिन होते.

१९:१० मग काय केलं

क्रम सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलं, नेट तोडलं. वायर काढली, वायफाय बंद.

दुसरं, पासवर्ड बदलले, पण त्या कॉम्प्युटरवरून नाही. बाबांच्या मोबाइलवरून. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांची किल्ली तिथे असते. मग बँक. जिथे जमेल तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. खात्यातून काही गेलं नव्हतं. गेलं असतं तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, हे बाबांना लिहून दिलं.

तिसरं, डेटा. हिशेबाच्या फाइली आणि आजीचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले. फक्त फाइली, एकही प्रोग्राम नाही. बाबांच्या मित्राच्या लॅपटॉपवर आधी पेनड्राइव्ह स्कॅन केला, मग उघडला. २० तारखेला संध्याकाळपर्यंत तिथूनच आठही रिटर्न गेले.

चौथं, कॉम्प्युटरची सफाई. एक्सक्लूजन काढलं. ते सापडतं विंडोज सिक्युरिटीमध्ये, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये, अगदी खाली. आज घरी गेलात की तेवढं उघडून बघा, तिथे तुम्ही न टाकलेलं काही आहे का. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवला. हा कॉम्प्युटर रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण उठायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपणाऱ्यांना लपायला वेळ मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. नुसतं 'एंड टास्क' करून भागत नाही, असे प्रोग्राम टास्क शेड्युलरमध्ये स्वतःची वेळ लावून ठेवतात आणि पुन्हा उठतात. स्कॅनमध्ये मायनर सापडला.

पाचवं, आणि हे ऐकून हसाल, शेवटी आम्ही फॉरमॅटच मारला.

हो. दुकानातला मुलगा म्हणत होता तेच केलं. कारण एकदा असं काही आत शिरलं की दुसरं काय सोडून गेलंय याची खात्री देता येत नाही, आणि इतरांचे हिशेब असलेल्या मशीनवर "बहुतेक साफ झालं" चालत नाही. फरक एवढाच की डेटा हातात होता, रिटर्न गेले होते आणि का फॉरमॅट मारतोय ते माहीत होतं. १८ तारखेला न बघता मारला असता तर तीन वर्षांचा हिशेब गेला असता, पासवर्ड तेच राहिले असते, आणि पुढच्या दिवाळीत मी पुन्हा तोच क्रॅक टाकला असता.

"नवीन घ्या" हा प्रश्न वेगळा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बाबांचा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. तो निर्णय घ्यावा लागेलच. पण तो शांतपणे, पैसे बघून घ्यायचा, पंख्याच्या आवाजाला घाबरून नाही.

२२:३० आठ फोन

सगळ्यात अवघड काम तांत्रिक नव्हतं. बाबांनी आठही दुकानदारांना फोन केले.

"माझ्या कॉम्प्युटरवर गडबड झाली होती. तुमचा जीएसटीचा पासवर्ड आजच्या आज बदलून घ्या. चूक आमच्याकडची."

मी म्हटलं, "बाबा, माझं नाव सांगा ना." ते म्हणाले, "मशीन माझं आहे. लोक माझ्यावर भरवसा ठेवून कागद देतात." एक दुकानदार काम काढून घेतो म्हणाला, आणि त्याने काढून घेतलं. बाबा मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आता आम्ही एडिटिंग फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीवर करतो. हा भागही त्यावरच केलाय.

२४:०० थोडक्यात

ज्यांनी शेवटी उडी मारली, त्यांच्यासाठी:

१. रीस्टार्ट करा, शट डाउन नको. मग पंधरा-वीस मिनिटं थांबा. मात्र लपणारा कुणी असल्याचा संशय असेल तर रीस्टार्टच्या आधी सीपीयू टाइम बघून घ्या.

२. टास्क मॅनेजर उघडा, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, एक-दोन मिनिटं बघा. ब्राउझर वर असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप.

३. अपडेट किंवा स्कॅन चालू असेल तर पूर्ण होऊ द्या.

४. स्टार्टअप ॲप्सच्या टॅबमध्ये जाऊन नको असलेली ॲप्स बंद करा. यात धोका नाही, हवं तेव्हा परत चालू करता येतात.

५. स्पीड बेस स्पीडच्या खाली असेल तर धूळ आणि गरमी. रॅम भरली असेल तर टॅब कमी करा किंवा रॅम वाढवा.

६. अनोळखी नाव दिसलं तर फाइल कुठे आहे ते बघा. डिफेंडरची एक्सक्लूजन यादी तपासा. ऑफलाइन स्कॅन करा.

७. मालवेअर निघाला तर नेट बंद, मोबाइलवरून पासवर्ड बदला, फक्त फाइलींचा बॅकअप, आणि मग फॉरमॅट.

८. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे" असा फोन आला, किंवा "एका क्लिकमध्ये वेग वाढवा" असं ॲप दिसलं, तर दोघांनाही लांबूनच नमस्कार.

या शनिवारी घरी फोन कराल तेव्हा "जेवलात का" याच्यानंतर एक प्रश्न वाढवा, "कॉम्प्युटरचा पंखा फार ओरडतो का हो?" उत्तर हो आलं तर व्हिडिओ कॉल लावा, आणि वरची यादी हाताशी ठेवा.

अडलात तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि तुम्हीही कधी घरच्या कॉम्प्युटरवर काही क्रॅक टाकून विसरला असाल, तर मला सांगायच्या आधी बाबांना सांगा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!